ऐकलं होतं, पण शिट्टी वाजवली नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या अंकात आपल्या क्रीडापानाच्या खालच्या कोपऱ्यात सहा ओळींची बातमी होती. मथळा होता, ‘वर्णद्वेषी शेरेबाजी, व्हिनिशियस पुन्हा वादात’. मी पेपर मागच्या पानापासून वाचतो, त्यामुळे माझा दिवस त्या सहा ओळींनी सुरू झाला. चहा तसाच राहिला. दोन दिवस विचार करून हे पत्र लिहितोय. लांबलं तर काटछाट जरूर करा, पण मथळ्यातल्या दोन शब्दांबद्दल जे लिहितोय ते कृपया कापू नका.

पहिला शब्द ‘शेरेबाजी’. शेरेबाजी कॉलेजच्या गॅदरिंगला होते. गाणाऱ्या पोराचा सूर हलला की मागच्या बाकावरून होते. हजारो माणसांच्या गॅलरीतून एका खेळाडूकडे बघून माकडाचा आवाज काढला जातो, तेव्हा त्याला शेरेबाजी म्हटलं की वाचणारा पुढच्या बातमीकडे वळतो. दुसरा शब्द ‘वादात’. वाद घालायला दोघं लागतात. व्हिनिशियस हा ब्राझीलचा कृष्णवर्णीय खेळाडू, स्पेनच्या रिअल माद्रिदकडून नाव कमावलेला. या प्रकरणात त्याची बाजू काय होती? तो डाव्या बगलेवर फुटबॉल खेळत होता, एवढीच.

मी हायस्कूलमध्ये पी.टी. शिकवून निवृत्त झालो. वय ६४. त्यातली चोवीस वर्षं शनिवार-रविवार फुटबॉलच्या मैदानावर रेफ्री आणि लाईनमन म्हणून गेली. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे आपल्याला मी सांगायला नको. पाटाकडील आणि शिवाजी तरुण हे दोन संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमच्या बाहेरच्या रस्त्यावरसुद्धा ईर्ष्या जाणवते. त्या ईर्ष्येवर माझं प्रेम आहे. माझ्या वडिलांनी मला खांद्यावर बसवून पहिली मॅच दाखवली ती याच गावात. तेव्हा प्रेक्षकांच्या आरडाओरड्याला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही.

व्हिनिशियसचं प्रकरण आपल्या वाचकांना नीट कळावं म्हणून त्याच्या आधीच्या एका सामन्याबद्दल लिहितो. २१ मे २०२३, स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया क्लबचं मेस्टाया मैदान. सत्तराव्या मिनिटाच्या आसपास व्हिनिशियस गोलमागच्या गॅलरीकडे जातो आणि एका माणसाकडे बोट दाखवतो, हाच तो म्हणून. खेळ थांबतो. भोंग्यावरून सूचना होते. काही मिनिटांनी खेळ पुन्हा सुरू. इंज्युरी टाइममध्ये झटापट होते. समोरचा खेळाडू त्याची मान आवळतो, सुटताना याचा हात त्याच्या तोंडाला लागतो. व्हिडिओ बघणाऱ्या रेफ्रीनं मैदानातल्या रेफ्रीला जो तुकडा दाखवला त्यात हात होता, मान आवळलेली नव्हती. लाल कार्ड. ज्याला तासभर छळलं तो बाहेर गेला आणि छळणारे जागेवर बसून राहिले. दोन दिवसांनी ते कार्ड रद्द झालं, कारण रेफ्रीला पूर्ण प्रसंग दाखवलाच गेला नव्हता. व्हॅलेन्सिया क्लबला ४५ हजार युरो दंड आणि ती गॅलरी पाच सामने बंद अशी शिक्षा झाली. अपिलात ती २७ हजार आणि तीन सामने झाली.

पुढे जून २०२४ मध्ये तीन प्रेक्षकांना न्यायालयानं आठ महिन्यांची शिक्षा सुनावली आणि दोन वर्षं मैदानात पाऊल टाकायला बंदी केली. फुटबॉल मैदानावरच्या वर्णद्वेषासाठी स्पेनमध्ये झालेली ही पहिली शिक्षा. तिथे पहिला गुन्हा असेल आणि शिक्षा दोन वर्षांहून कमी असेल तर सहसा तुरुंगात जावं लागत नाही. तरीही मला ही मोठी गोष्ट वाटते, कारण गॅलरीतल्या गर्दीला पहिल्यांदा तीन चेहरे मिळाले. ‘पब्लिक’ असं म्हणून सोडून देता आलं नाही.

मात्र न्यायालय वर्षभरानं येतं. मैदानावर त्या क्षणी जो माणूस असतो तो रेफ्री. मला जे सांगायचं आहे ते रेफ्रीबद्दल आहे.

३० एप्रिल २०१७. इटलीत कालियारी विरुद्ध पेस्कारा. पेस्काराकडून घानाचा सुली मुंतारी खेळत होता. वय ३२, चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या इंटर मिलानच्या संघात होता तो, पोरगेला खेळाडू नव्हे. गॅलरीतून त्याला त्याच्या रंगावरून शिव्या येत होत्या. पहिल्यांदा त्या बाजूला लहान मुलं दिसली, म्हणून त्यानं त्यांच्याजवळ जाऊन आपला शर्ट दिला, मुलांना उदाहरण राहावं म्हणून. हे त्यानं नंतर स्वतः सांगितलं. शिव्या थांबल्या नाहीत तेव्हा तो रेफ्रीकडे गेला. रेफ्रीनं त्याला काय दिलं? पिवळं कार्ड. तक्रार करत बसला म्हणून. मुंतारी आपल्या हाताच्या कातडीकडे बोट दाखवत गॅलरीसमोर उभा राहिला, हा माझा रंग आहे असं ओरडून सांगत, आणि मैदान सोडून निघून गेला. परवानगीशिवाय गेला म्हणून दुसरं पिवळं, आणि त्यापोटी एका सामन्याची बंदी. बरीच ओरड झाल्यावर ती मागे घेतली गेली. कालियारी क्लबला शिक्षा झाली नाही. शिव्या देणारे दहाएकच होते, तेवढ्यावर नियमाप्रमाणे कारवाई बसत नाही, असं सांगण्यात आलं.

हे मी घरी टीव्हीवर पाहिलं. बायको आतून विचारत होती काय झालं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. कारण तेच कार्ड मी आठ वर्षांपूर्वी दाखवलं होतं.

साल २००९. गावाचं आणि स्पर्धेचं नाव लिहीत नाही, कारण दोष गावावर ढकलायला मी बसलेलो नाही. मोठं बक्षीस असलेली निमंत्रितांची स्पर्धा, उपांत्य सामना, दुपारचे साडेतीन, चार-पाच हजार माणूस. मी मधला रेफ्री. एका संघाकडून नायजेरियाचा एक पोरगा खेळत होता, बावीस-तेवीस वर्षांचा. पुण्यात शिकायला आलेला, आणि सामन्यागणिक पैसे घेऊन गावोगाव खेळणारा. उजव्या बगलेवर असा पळायचा की त्याला अडवणाऱ्या बॅकची मला दया यायची. नंबर ११.

उत्तरार्धात त्याची बगल मोठ्या गॅलरीच्या बाजूला आली. तो थ्रो घ्यायला गेला की गॅलरीतून ‘हूं हूं’ असा आवाज. आधी चार-पाच पोरं होती, मग अख्खी रांग, मग दोन रांगा. मधूनच ‘ए काळू’. पाचव्या-सहाव्या वेळी शेंगांची टरफलं पडली आणि त्यामागून अर्धं सोललेलं केळं. ते त्याच्या पायाजवळ येऊन थांबलं. त्यानं त्याच्याकडे पाहिलं, बॉल काखेत धरला आणि माझ्याकडे चालत आला. घाई नाही, राग नाही. म्हणाला, ‘सर, सुना ना आपने?’

मी ऐकलं होतं. पहिल्या वेळेपासून ऐकत होतो. मी म्हणालो, ‘खेलो, खेलो, टाइम जा रहा है.’

तो जागचा हलला नाही. ‘सर, सुना ना?’ पुन्हा तेच. मी खिशात हात घातला आणि पिवळं कार्ड काढलं. खेळ सुरू करायला उशीर केला म्हणून. नियमपुस्तकात चोख बसणारं कार्ड. गॅलरीत टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्या मला आहेत हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही.

अकरा मिनिटांनी त्यानं मागून टॅकल केलं. दुसरं पिवळं, मग लाल. तेही नियमात बसणारंच. बाहेर जायचा रस्ता त्याच गॅलरीखालून होता. सगळी गॅलरी माकडाचा आवाज काढत होती आणि तो शर्टानं तोंड पुसत तिच्याखालून गेला. मी पाठ फिरवली आणि फ्री किकची जागा दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटी स्टँडवर उभा होतो. तोही होता, पाठीवर बॅग, एकटाच. त्यानं मला ओळखलं. ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणाला. मीही म्हणालो. तेवढ्यात पुण्याची गाडी लागली.

त्या दिवशी मी शिट्टी का वाजवली नाही, हा प्रश्न मी स्वतःला शंभर वेळा विचारला आहे. नियम माहीत नव्हता असं म्हणायला जागा नाही. फुटबॉलचा पाचवा नियम रेफ्रीला बाहेरच्या कोणत्याही व्यत्ययासाठी सामना थांबवायचा, स्थगित करायचा आणि रद्द करायचाही अधिकार देतो. हा नियम मी पोरांना तोंडपाठ करून घ्यायचो. अधिकार होता, कान होते, शिट्टी तोंडात होती. अडलं ते दुसरीकडेच. आयोजकांनी सकाळीच सांगितलं होतं की आमदारसाहेब बक्षीस समारंभाला येणार, वेळेत संपवा. बंदोबस्ताला पोलीस पाच. सामना थांबवला तर गॅलरी खाली उतरेल ही भीती. आणि त्यापेक्षा खोलवर बसलेली एक समजूत, जी आम्हा सगळ्या रेफ्रींना पहिल्या दिवसापासून शिकवली जाते: जो सामना पुरा करतो तो चांगला रेफ्री. सामना अर्धवट राहिला की पुढच्या हंगामात बोलावणं येत नाही. त्या तराजूत एका पाहुण्या पोराचं वजन कमी पडलं. मी ते कमी पडू दिलं.

म्हणून बल्गेरियाच्या राजधानीतला, सोफियातला प्रसंग मी विसरू शकत नाही. १४ ऑक्टोबर २०१९, बल्गेरिया विरुद्ध इंग्लंड. इंग्लंडचा टायरन मिंग्ज त्या दिवशी देशासाठी पहिलाच सामना खेळत होता. प्रत्येक खेळाडू ज्या दिवसाची लहानपणापासून वाट बघतो तो दिवस. खेळ सुरू होऊन थोडाच वेळ झाला, आणि तो वळून लाईनमनला विचारताना दिसतो: ते ऐकलंत का? कॅमेऱ्यात ते टिपलं गेलं आहे. मी ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलं. खेळाडू लाईनमनला ऑफसाइड विचारतो, थ्रो कुणाचा ते विचारतो. इथे तो विचारत होता की मला जे ऐकू आलं ते तुम्हालाही ऐकू आलं ना, की मी एकटाच आहे?

त्या सामन्याच्या रेफ्रीनं निदान कान बंद ठेवले नाहीत. पूर्वार्धात दोनदा सामना थांबवला. युरोपच्या फुटबॉल संघटनेनं २००९ पासून रेफ्रींना तीन पायऱ्या घालून दिल्या आहेत. पहिली, खेळ थांबवून भोंग्यावरून ताकीद. दुसरी, खेळाडूंना ड्रेसिंग रूममध्ये नेऊन पुन्हा ताकीद. तिसरी, सामना रद्द. सोफियात पहिली पायरी झाली, दुसरीच्या तोंडाशी गाडी आली आणि मध्यंतर झालं. बल्गेरियाचा कर्णधार स्वतः गॅलरीजवळ जाऊन आपल्याच समर्थकांशी बोलत होता. इंग्लंडनं ६-० असा सामना जिंकला. बल्गेरियाच्या संघटनेचा अध्यक्ष पदावरून गेला. शिक्षा काय, तर ७५ हजार युरो दंड आणि दोन सामने प्रेक्षकांविना, त्यातला एक टांगणीवर.

या दंडाची किंमत कळायला एक जुनी गोष्ट सांगतो. २०१२च्या युरो स्पर्धेत डेन्मार्कच्या निकलस बेंडनरनं गोल केल्यावर शॉर्ट खाली करून एका कंपनीचं नाव छापलेली अंतर्वस्त्रं दाखवली. त्याला एक लाख युरो दंड आणि एका सामन्याची बंदी. त्याच स्पर्धेत क्रोएशियाच्या प्रेक्षकांनी इटलीच्या मारिओ बालोटेलीविरुद्ध वर्णद्वेषी घोषणा दिल्या. क्रोएशियाच्या संघटनेला दंड ८० हजार. मी हे दोन आकडे माझ्या वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवले आहेत.

तिसऱ्या पायरीवर रेफ्री जवळजवळ कधीच चढत नाही. तिथे गुण असतात, टीव्हीचे पैसे असतात, परतीची विमानं असतात. एसी मिलानचा केव्हिन-प्रिन्स बोआटेंग ३ जानेवारी २०१३ ला बॉल गॅलरीत मारून मैदान सोडून गेला आणि अख्खा संघ त्याच्यामागे गेला. सगळ्या जगानं टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या. पण तो मैत्रीपूर्ण सामना होता, चौथ्या दर्जाच्या क्लबविरुद्ध. मुंतारीचा संघ तर त्याच्यामागे गेलाही नाही. गुण पणाला लागलेल्या सामन्यात खेळाडूनं एकट्यानं काय करावं?

मे २०२४ मध्ये बँकॉकच्या अधिवेशनात फिफानं एक खूण ठरवली. खेळाडूनं दोन्ही मनगटं एकमेकांवर आडवी धरली की रेफ्रीनं समजायचं, वर्णद्वेष होतोय, आणि तीन पायऱ्या सुरू करायच्या. ही खूण मला मनापासून आवडली. भाषा कळली नाही, गोंगाटात ऐकू आलं नाही, अशी सबब आता रेफ्रीला राहणार नाही. माझ्यासमोर त्या पोरानं मनगटं धरली असती तर मी कार्ड काढू शकलो नसतो, असं वाटतं. पण खूण करायची वेळ खेळाडूवर यावी का? ज्याला मारलं त्यानंच हात वर करून सांगायचं की मला मारलं. लाईनमन गॅलरीपासून चार पावलांवर उभा असतो. पहिला आवाज त्याच्या कानात पडतो. पहिली शिट्टीही तिथूनच सुरू व्हायला हवी.

संपादकसाहेब, आता आपल्या धंद्याबद्दल, कारण त्यातही एक चांगलं उदाहरण आहे. २०२२च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. ती बर्मिंगहॅमच्या बाजूला स्मेदिकला राहते. जावई क्रिकेटवाला, त्यामुळे मी एकटाच बसनं वेस्ट ब्रॉमविचला गेलो. तिथे बाजारपेठेत तीन खेळाडूंचा ब्राँझचा पुतळा आहे, गोल झाल्याच्या आनंदात एकत्र आलेले. सिरिल रेजिस, लॉरी कनिंगहॅम, ब्रेंडन बॅट्सन. १९७८ मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियन संघात हे तीन कृष्णवर्णीय एकाच वेळी खेळायचे, जेव्हा इंग्लंडमध्ये एकसुद्धा दिसणं नवल होतं. रेजिस मूळचा वायरमन. १९८२ मध्ये त्याची इंग्लंडच्या संघात निवड झाली तेव्हा टपालानं त्याला एक बंदुकीची गोळी आली. ती त्यानं ठेवून दिली होती. पुतळ्याजवळ पिशव्या घेऊन बसलेल्या एका पंजाबी आजोबांनी मला बोट दाखवून तिघांची नावं सांगितली. आपल्याच घरातल्या पोरांची सांगावीत तशी.

१९७८ च्या ३० डिसेंबरला वेस्ट ब्रॉमविचच्या या संघानं ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ५-३ हरवलं. तो सामना इंटरनेटवर आहे, नक्की बघा. या खेळाडूंच्या पायाशी बॉल गेला की प्रेक्षक हुर्यो करतात. त्या काळी समालोचक असल्या आवाजावर बोलत नसत, जणू पाऊस पडतोय. जेराल्ड सिनस्टॅट नावाचे समालोचक त्या दिवशी बोलले. कृष्णवर्णीय खेळाडूंची हुर्यो चालली आहे असं त्यांनी चालू सामन्यात, त्याच शब्दांत सांगितलं आणि नापसंतीही बोलून दाखवली. त्यांच्यापुढे फक्त माईक होता. त्यांनी जे ऐकलं ते ऐकलं म्हणून सांगितलं. मी आपल्याकडे एवढंच मागतोय. ‘शेरेबाजी’ लिहू नका. गॅलरीतून माकडाचा आवाज काढला, केळं फेकलं, असं लिहा. कुठल्या क्लबच्या गॅलरीतून, कितव्या मिनिटाला, रेफ्रीनं काय केलं, तेही लिहा. सहा ओळींत ते बसतं.

याच गोष्टीचा दुसरा भाग कडू आहे, पण सांगायला हवा. या तिघांना संघात खेळवणारे व्यवस्थापक रॉन अॅटकिन्सन. त्याबद्दल त्यांचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. एप्रिल २००४ मध्ये टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून बोलताना, माईक बंद आहे अशा समजुतीत, ते फ्रान्सच्या मार्सेल देसाईबद्दल रंगावरून अत्यंत घाण बोलले. माईक चालू होता. त्यांना ते काम सोडावं लागलं. हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो होतो. ‘मी वर्णद्वेषी नाही, मी तर त्यांना खेळवलं’ असं म्हणण्याची सोय कुणालाच उरत नाही. मी अनेक परदेशी पोरांना सामन्यानंतर घरी जेवायला नेलं आहे. कार्ड तरीही मीच दाखवलं.

आता शब्दांबद्दल आणखी एक. ८ डिसेंबर २०२० ला पॅरिसमध्ये चॅम्पियन्स लीगचा सामना चौदाव्या मिनिटाला थांबला तो गॅलरीमुळे नव्हे. चौथा पंच रुमानियाचा होता. इस्तंबूलच्या संघाच्या कृष्णवर्णीय सहप्रशिक्षकाची ओळख पटवताना त्यानं त्याच्या भाषेतला ‘काळा’ हा शब्द वापरला. त्याच्या भाषेत तो साधा रंगाचा शब्द आहे. राखीव खेळाडूंतला देंबा बा उठून त्याच्यासमोर गेला आणि त्यानं विचारलं ते असं: गोऱ्या माणसाबद्दल सांगताना तुम्ही ‘हा गोरा माणूस’ म्हणत नाही, ‘हा माणूस’ म्हणता, मग आमच्याबद्दल सांगताना ‘काळा’ का? दोन्ही संघ बाहेर गेले. सामना दुसऱ्या दिवशी नवे पंच नेमून पुरा केला.

माझे काही रेफ्री मित्र म्हणाले, हे जरा अति झालं, त्याचा हेतू वाईट नव्हता. नसेलही. मी कपाटातून माझ्या जुन्या सामना अहवालांचं बाड काढलं. आम्ही कार्बन लावून दोन प्रती करायचो, एक आयोजकांना आणि एक आपल्याकडे. २००९ चा तो कागद सापडला. ‘उत्तरार्धात काळा खेळाडू क्र. ११ यास दोन पिवळ्या कार्डांमुळे बाहेर काढले.’ त्याच सामन्यात दुसऱ्या एकालाही कार्ड होतं. तिथे फक्त ‘खेळाडू क्र. ४’. दोघांच्या पाठीवर नंबर होता. मग मी ‘काळा’ का लिहिलं? पुढची ओळ त्याहून वाईट आहे: ‘प्रेक्षकांकडून किरकोळ हुल्लडबाजी वगळता सामना शांततेत पार पडला.’

वेस्ट इंडीजच्या डॅरेन सॅमीनं २०२० मध्ये सांगितलं होतं की आयपीएलमध्ये त्याला ‘काळू’ म्हणायचे, आणि त्याला वाटायचं की त्याचा अर्थ दमदार घोडा असा काहीतरी असेल. खरा अर्थ कळल्यावर त्याला काय वाटलं असेल ते मी त्या एसटी स्टँडवरच्या पोराच्या जागी उभं राहून समजून घेण्याचा प्रयत्न करतो. त्या पोराला हिंदी येत होतं. त्याला पहिल्या दिवसापासून अर्थ माहीत होता.

आपल्याकडे असलं काही नसतं, ही गोऱ्या लोकांची भानगड, असं मला मंडईत भेटणारे लोक सांगतात. मार्च २०२४ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात अरीकोड इथे सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या सामन्यात आयव्हरी कोस्टच्या एका खेळाडूला जमावानं पाठलाग करून मारलं. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. आपल्याला रंगावरून शिव्या दिल्या, दगड मारले, अशी तक्रार त्यानं जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांकडे दिली. केरळ म्हणजे आपल्यासारखंच फुटबॉलवेडं ठिकाण. अलीकडच्या हंगामांत कोल्हापूरच्या तालमींच्या संघांमधूनही आफ्रिकेतले खेळाडू खेळतात. पेठेतली पोरं त्यांच्याबरोबर सेल्फी काढतात, त्यांच्या नावाचे फलक लावतात. हे बघून आनंद होतो. गोल आपल्या बाजूनं झाला की तो ‘आमचा’ होतो. माझं लक्ष समोरच्या गॅलरीकडे असतं.

आयोजकांना आणि नव्या रेफ्रींना माझं मागणं मोठं नाही. सामन्याआधीच्या बैठकीत दोन्ही कर्णधारांसमोर रेफ्रीनं सांगावं की असा आवाज आला तर खेळ थांबेल, आणि दुसऱ्यांदा आला तर संघ आत जातील. भोंग्यावर वाचायची सूचना मराठीत आधीच लिहून टेबलावर ठेवावी, म्हणजे ऐनवेळी कुणी अडखळणार नाही. तक्रार घेऊन आलेल्या खेळाडूला कार्ड दाखवू नये. आणि आयोजकांनी लिहून द्यावं की या कारणासाठी सामना अर्धवट राहिला तर रेफ्रीचं मानधन कापलं जाणार नाही, पुढचं बोलावणंही थांबणार नाही. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. धैर्य रेफ्रीकडून मागताना त्याच्या मागे उभं राहणारं कुणीतरी लागतं. माझ्यामागे त्या दिवशी कुणी नव्हतं हे खरं, आणि मीही कुणाच्या मागे उभा राहिलो नाही हेही खरं.

त्या पोराचा ठावठिकाणा मी शोधला. त्याच्या संघाच्या तेव्हाच्या मॅनेजरकडे नंबर होता, तो आता लागत नाही. शिक्षण संपवून परत गेला असावा, असं तो म्हणाला. आज तो अडतीस-एकोणचाळीसचा असेल.

पुढच्या महिन्यात नव्या रेफ्रींचा वर्ग आहे. नियम शिकवायला मला एक तास दिला आहे. पाचवा नियम मीच मागून घेतला. त्या तासाला मी २००९ चा तो कार्बनचा कागद बरोबर नेणार आहे आणि पोरांसमोर पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचणार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त फुटबॉल रेफ्री
मंगळवार पेठ, कोल्हापूर